शकुंतलेचे रूळ कुणाचे?

शकुंतला रेल्वे तोट्यात होती म्हणून बंद पडली, असं सांगणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं, की त्या रुळांवर दुरुस्तीचा पैसा घालायची जबाबदारी नेमकी कुणाची होती?

मूर्तिजापूर–यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर–अचलपूर ७६. अडीच फुटी नॅरोगेज. वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत पोचावा म्हणून किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ही लाइन टाकली. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या, ही मात्र राहून गेली. रूळ कंपनीचे, गाडी मध्य रेल्वेची, आणि जुन्या कराराने कंपनीला मोबदला चालूच. मालक म्हणणार गाडी तुमची, रेल्वे म्हणणार रूळ तुमचे. दोघांच्या भांडणात स्लीपर कुजले, वेग सायकलवाल्याने मागे टाकावा इतका उतरला. उशीर करणारी गाडी लोक सोडणारच. मग प्रवासी नाहीत म्हणून गाडीच नको. हा तोटा मुद्दाम वाढवलेला आहे, असं मी स्पष्ट म्हणतो.

आणि तरीही माणसं तिला चालवत राहिली. १९२१ सालच्या मँचेस्टरच्या वाफेच्या इंजिनाने १९९४च्या एप्रिलपर्यंत डबे ओढले, मग डिझेल आलं. शेवटच्या काळात बऱ्याच स्टेशनांवर कर्मचारीच उरले नव्हते. गाडी फाटकाआधी थांबायची, गाडीतलाच एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की पुन्हा उघडायचा आणि धावत येऊन डब्यात चढायचा. तिकिटंही गाडीतलेच कर्मचारी देत, इंजिन काढणं-जोडणंही तेच करत. ज्यांनी हे वर्षानुवर्षं केलं, त्यांचा सत्कार कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

तिच्यात बसायचं कोण? दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगावकडचे मजूर, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, बाजाराला निघालेले म्हातारे. तिकीट एसटीच्या मानाने कितीतरी स्वस्त. गाडी गेली, बाजार तिथेच राहिला. जाण्यायेण्याचा वाढीव खर्च आता रोजंदारीतून कापला जातो. तो तोटा कुठल्या अहवालात दिसतो?

याच कंपनीच्या रुळांवरची पुलगाव–आर्वीची गाडी तर त्याआधीच गेली. २०१६ साली शकुंतलेच्या ब्रॉडगेजसाठी दीड हजार कोटींची घोषणा झाली, टाळ्या पडल्या. तिकडे वर्धा–यवतमाळ–नांदेडचं काम पुढे सरकतंय, कळंबपर्यंत गाडीही आली. चांगलंच आहे. पण अंजनगावच्या माणसाला कळंबची गाडी काय कामाची? त्याला मूर्तिजापूर गाठायचं असतं, मोठ्या लाइनची गाडी तिथे मिळते.

रुळांच्या मालकीचा निकाल लावा. अचलपूरच्या फाट्याचं काम आधी हातात घ्या, जागेवर अतिक्रमणं वाढायच्या आत. आणि ब्रॉडगेज झाल्यावर पथ्रोटला थांबा ठेवा. एक्स्प्रेसच्या नादात तो पहिला उडवाल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.