आबांचं नवं इंजिन

"अहो ताई, सकाळी सकाळी तुमच्याकडं काय चालतं हो? आधी घर्रर्र, मग फुस्स! आमचे हे म्हणाले, शेजारी दगड दळायला घेतलेत की काय."

"दगड कसले वहिनी, कॉफीच्या बिया. धाकट्यानं मशीन आणलंय. त्याचं वर्क फ्रॉम होम, निम्मा आठवडा इथंच. पुण्यात त्या कॉफीची सवय लागलीय, आपला चहा आता घशाखाली उतरत नाही साहेबांच्या."

"म्हणजे लग्नात असतं तसलं? एस्प्रेसो?"

"नाव तेच, वस्तू निराळी. मलाही आधी तसंच वाटलं होतं. लग्नात काय, दूध-साखर-पावडर मगात घालायची, वाफेची नळी बुडवायची, फेस आला की वर कोकोची चिमूट. ह्यात कॉफीची पूड दाबून बसवायची आणि वरून गरम पाणी जोरानं रेटायचं. अर्ध्या मिनिटात कपाच्या तळाला येते तेवढी कॉफी. काळीकुट्ट. वर तांबूस फेस."

"एवढीशीच?"

"केडगावच्या जाऊबाई आल्या होत्या. कप हातात घेऊन विचारतात, हे औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

"अगंबाई! मग?"

"मग काय, त्यात गरम पाणी घालून दिलं. ती अमेरिकानो. दूध घातलं की लाटे, फेस जास्त धरला की कापुचिनो. पण खरी गंमत आमच्या आबांची. इतके दिवस म्हातारा ओसरीवरून हलत नव्हता. मशीनवरचा प्रेशरचा काटा दिसला आणि खुर्ची ओढून समोर जाऊन बसले."

"रेल्वेतला माणूस."

"फायरमन म्हणून लागलेले ना, कोळशाच्या इंजिनावर. नातवाला विचारलं, किती प्रेशर? तो म्हणाला, नऊ बार. आबा म्हणाले, बार-बिर नको, पौंडात बोल. त्यानं मोबाइलवर हिशेब केला, एकशे तीस. तर आबा हसले. आमच्या डब्ल्यूजीचं 210 असायचं, म्हणाले, हे तुझं शंटिंगचं इंजिन दिसतंय."

"पण आमच्या भाच्याच्या मशीनच्या खोक्यावर 15 बार लिहिलंय. तो तर मिरवत असतो."

"तो पंपाचा आकडा हो. पुडीवर दाब नऊच्या आसपासच हवा. आकडा मोठा म्हणून कॉफी चांगली होत नाही. धाकटा तर म्हणतो, मशीनपेक्षा दळण महत्त्वाचं. पैसे वाचवायचे तर मशीनमध्ये वाचवा, ग्राइंडरमध्ये नको. आधी त्यानं तयार पुडीचं पाकीट आणलं होतं. पाणी नळासारखं भळाभळा खाली. तोंडात घेतली तर आंबट. मग बिया आणल्या, चिकमगळूरच्या, पाकिटावर भाजल्याची तारीख असलेल्या. त्या ऐन वेळी दळायच्या. 18 ग्रॅम पूड, खाली 36 ग्रॅम कॉफी, वेळ पंचवीस ते तीस सेकंद. लवकर पडली तर दळण बारीक कर. थेंब थेंब अडकली आणि कडू झाली तर जाडसर कर."

"कॉफीला वजनकाटा? आमच्याकडं जावई आला तरी साखर मुठीनंच पडते."

"साखरेचं नाव काढू नका त्याच्यापुढं. चमचा दिसला की डोळे वटारतो. त्याच्यावर आबांनी तोड काढली. पाटसकडच्या गुऱ्हाळातला गूळ असतोच घरात. काळ्या कॉफीत खडा टाकतात. गुळानं दूध फुटायची भीती, म्हणून काळीच घेतात. नातू काय बोलणार? उलट परवा त्यानंही चोरून टाकला, मी बघितलं."

"आणि पाणी कुठलं घालता? आपल्या बोअरच्या पाण्यानं माझ्या गिझरचं काय झालं, माहितीये ना. कॉइलवर बोटभर खपली."

"तिथंच आजोबा-नातवाचं वाजलं. नातवानं बोअरचं पाणी भरलं, आबांनी हात धरला. म्हणाले, बॉयलर पाण्यानं मरतो. लोकोत ठरल्या दिवशी वॉशआउट व्हायचंच, गाळ काढल्याशिवाय इंजिन लाइनीवर सोडत नव्हते. तुझा वॉशआउट कधी? ह्याला पत्ताच नाही! मग पुस्तक उघडलं, तर त्यातही तेच, क्षार काढत जा म्हणून. आता कॅलेंडरवर आबांनी लाल खुणा केल्यात. पुस्तकात दिलंय तेच औषध घालतात, मग दोनदा साधं पाणी सोडतात."

"आरओचं घाला की सरळ."

"नुसत्या आरओच्या पाण्याची कॉफी फिकी लागते. थोडे क्षार हवेतच. म्हणून आता आरओत बेतानं दुसरं मिसळतात. प्रमाण आबांचं, मी विचारत नाही."

"दूध तरी आपल्या गवळ्याचंच ना?"

"म्हशीचं घेऊन बघितलं, लाटे खीर पिल्यागत जड लागली. आता गाईचं. तापवून, फ्रिजमध्ये पार गार करून, साय काढून. गार असलं की फेसाला वेळ मिळतो. नळीचं टोक दुधाच्या जेमतेम खाली धरायचं, च्स् च्स् आवाज आला पाहिजे. जरा फुगलं की नळी आत घालून दूध फिरवत ठेवायचं. भांड्याला हात लावून धरवेना की बंद. उकळी आणायची नाही. आणि नळी तिथल्या तिथं ओल्या फडक्यानं पुसायची, नाहीतर दूध वाळून बसतं. ते काम माझ्याकडं आलंय, सांगायला नकोच."

"येणारच! मशीन मुलाचं, फडकं आईचं."

"आबांना मात्र एकच दुखणं. धाकटा सांगत होता, पहिली मशिनं वाफेवरच चालायची. मिलानच्या बेझेरानं 1901 साली पेटंट मागितलं. पण वाफेनं कॉफी करपट व्हायची. पुढं 1948 च्या सुमाराला गाजियानं वाफ सोडली, दांडा ओढून स्प्रिंगनं दाब द्यायची युक्ती बाजारात आणली, तेव्हा तो वरचा फेस आला. आबा गप्पच झाले. मग म्हणाले, म्हणजे तिथंही वाफेला घरी बसवलंच."

"बिचारे. बरं ते जाऊ द्या, धाकट्याला बारामतीचं स्थळ आलंय म्हणतात, खरं का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगतंय कोण, दौंड केवढंसं! मुलगी चहावाली की कॉफीवाली?"

"ते कुणी विचारलंच नाही अजून. पत्रिका बघितली, पॅकेज बघितलं."

"मग एवढं विचारून घ्या बाई आधी. मी येऊ का चारला, बघायला?"

"मुलगी?"

"मशीन हो!"

"या की. पण चारच्या आधी या. आज लाल खूण आहे, एकदा आबांनी वॉशआउटला घेतलं की संध्याकाळपर्यंत सोडत नाहीत."

"साडेतीनला येते. आणि हे बघा, साखर मी घरून आणते पदराखाली."