आधी डिग्री, मग नाटकं

डॉ. श्रीराम लागूंनी 1969 मध्ये, वयाच्या 42व्या वर्षी, कान-नाक-घशाची चालती प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आलं. केवढं हे धाडस, म्हणत आपण अजून माना डोलावतो. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. मराठी रंगभूमी ओपीडीनेच तगवली म्हणायची! घरातल्या पोराने मात्र इंजिनिअरिंग सोडून बेकरी काढतो म्हटलं, की बाबांचा बीपी चढतो, आई देव पाण्यात ठेवते आणि मामा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन हजर. चुकायला कोणाची ना नाही हो. फक्त लग्न ठरेपर्यंत दम धरावा. बायोडेटात ‘प्रयोग चालू आहेत’ वाचलं, तर मुलीकडचे पत्रिका बघायलाही थांबत नाहीत.