बसा हो, बसा!

न्यायाधीश साहेब आमच्या सेक्टरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये येऊन आम्हाला कोर्ट शिकवून गेले. नोव्हेंबर लागला की चंदीगडात थंडी आणि कायद्याची शिबिरं एकदमच पडतात.

काय शिकलो? बाईमाणसाला, तिची कमाई कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. कोठडीतल्यालाही मिळतो. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. हे सगळं देणारा कायदा १९८७चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ला. फुकट न्यायाच्या कायद्यालाही आठ वर्षं तारखाच मिळाल्या, हे ऐकून जिवाला बरं वाटलं.

पण माझं सगळं लक्ष खुर्चीत होतं. माझ्या बुडाखाली खुर्ची होती! पांढरं कव्हर, पाठीला लाल साटीनची गाठ. बारा वर्षं एका भिंतीचा दावा लढतोय. एवढ्या काळात कोर्टाच्या व्हरांड्यात एकदा पायरी मिळाली होती, तिथूनही शिपायानं उठवलं. आणि इथे कोर्टाचाच माणूस म्हणाला, "बैठिए, अंकलजी." काही चुकलं की काय, म्हणून मी आधी हात जोडले.

अहो, हे तर खुर्च्यांचं शहर! पन्नासच्या दशकात सरकारी कचेऱ्यांसाठी इथे सागवानी, वेताच्या खुर्च्या बनल्या. कचेऱ्यांनी त्या भंगारात काढल्या आणि आता परदेशातल्या लिलावांत एकेक खुर्ची लाखांच्या भावानं जाते. म्हणजे आमच्या खुर्चीवर तिकडे कुणीतरी वाइन पीत बसलाय आणि इकडे जिला फुकट वकिलाचा हक्क आहे ती म्हातारी कोर्टाच्या भिंतीला टेकून उकिडवी बसलीय. घोटभर पाणीही पीत नाही. प्यायली तर मुतारी शोधत जावं लागेल आणि नेमका तेव्हाच पुकारा होईल. तिला कोणतं कलम शिकवता? कोर्ट काय असतं ते तिच्या गुडघ्यांना विचारा. पाहुणचार करायचाच तर जिथे आम्ही रोज मरतो तिथे करा. शिबिरातला समोसा नको, एक बाकडं द्या!

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी हात वर केला, "ही खुर्ची पुढच्या तारखेला आणता येईल का?" वैयक्तिक प्रकरणांवर बोलता येणार नाही, असं उत्तर आलं.

आभारप्रदर्शन चालू असतानाच मंडपवाल्याची पोरं खुर्च्या गोळा करू लागली. एक माझ्यापाशी आला. "उठिए, अंकलजी."

लगेच उठलो. हे मला कुणी शिकवावं लागत नाही.