अळीबाई, पोट भरलं का?

माझ्या टोमॅटोच्या कुंडीत सध्या मुक्कामास असलेल्या कु. घाटेअळी यांस (लग्नकार्य पतंग झाल्यावर, म्हणून कु.),

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, काल सकाळी आपण माझ्या पहिल्यावहिल्या टोमॅटोत डोकं खुपसून जेवताना दिसलात. निम्मं अंग आत, निम्मं बाहेर. संकोच कसला? पूर्ण आत जायचं होतं.

नर्सरीतून आणलं तेव्हा हे रोप वीतभर होतं. त्या वीतभर रोपाच्या भरवशावर मी मनातल्या मनात वांगी लावली, मिरच्या लावल्या, दुधीचा वेल ग्रिलवरून वरच्या मजल्यावर चढवला. शेजारच्या काकूंसाठी टोमॅटो बाजूला काढूनही झाले होते. २०२३च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीपार गेला, त्याचा सूडही घ्यायचा होता. आपण एका फळाला भोक पाडलंत, ते अर्धवट टाकलंत आणि दुसऱ्याकडे वळलात. आपल्यापैकी एकटी दोन ते आठ फळं नासवते म्हणतात. पानात टाकू नये, हे कुणी शिकवलं नाही वाटतं.

घराणं मात्र मोठं हो! हरभऱ्यावर घाटेअळी, कापसावर अमेरिकन बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी, माझ्याकडे फळ पोखरणारी. इतकी नावं फरार आरोपीलाही लागत नाहीत. शास्त्रज्ञांच्या दप्तरी नोंद एकच: हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. १९८७ साली आंध्रातल्या शेतकऱ्यांनी कापसावर पायरेथ्रॉईडच्या फवारण्या केल्या. ते कर्जात बुडाले, आपण औषध पचवून बसलात. २००२मध्ये देशात बीटी कापूस आला तो मुख्यतः आपल्याच बंदोबस्तासाठी. अशी नामांकित व्यक्ती माझ्या बाल्कनीत उतरली, हा सन्मानच समजते. नारायणगावकडच्या टोमॅटो पिकवणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, तो या सन्मानाला काय म्हणतो ते. भाव पडला तर त्याला माल रस्त्यावर ओतावा लागतो आणि भाव चढला तर वाटेकरी म्हणून आपण हजर. माझं काय, मी उद्या पिशवी घेऊन मंडईत जाईन.

तूर्त आपल्याला चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात सोडण्यात येत आहे. कोषात जायला आपली मंडळी मातीत उतरतात, तेव्हा कुंडीही उकरून पाहीन. पुढच्या हंगामात शेजारी झेंडू लावणार आहे. आपल्याकडच्या बायकांना टोमॅटोपेक्षा झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालणं पसंत असतं. म्हणून तर शेतात टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतात, तीही ४० दिवसांच्या झेंडूशेजारी २५ दिवसांचा टोमॅटो अशा बेताने, म्हणजे दोन्ही एकदम फुलतात. माझ्याकडे ओळ मावणार नाही, एक कुंडी मावेल. नातेवाइकांना तोच पत्ता द्यावा.

कळावे. लोभ आहेच, तो जरा कमी करावा ही विनंती.

आपली,
बाल्कनीची मालकीण