भाजी बसल्यावर

दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा अकरावी सायन्सला गेला की पहिला दगा शब्दच देतात. एरंडोलला आमच्या वर्गात सरांनी फळ्यावर ‘मोल’ असं लिहिलं, तेव्हा मला वाटलं, आता कशाची तरी किंमत विचारणार. माझ्या ओळखीचं मोल बाजारात घासाघीस करून ठरणारं. मोलमजुरीला निघालेल्या बाया रोज सकाळी आमच्या दारावरून जायच्या, त्यांच्या डब्याच्या फडक्यात बांधलेलं. सरांचा मोल मात्र मोजदादीतला निघाला. डझन म्हणजे बारा, कोडी म्हणजे वीस, तसा मोल म्हणजे ६०२२ वर वीस शून्यं. अंजनी नदीची सगळी वाळू दाणा-दाणा मोजली तरी तिथवर पोचायचं नाही. पुढे २० मे २०१९ पासून शास्त्रज्ञांनी हा आकडा कायमचा बांधून दिला, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात. बातमी वाचून मला बरं वाटलं. तोवर घासाघीस तिथेही चालूच होती तर!

मिठाचा एक मोल ५८.५ ग्रॅमचा. एक लिटर द्रावणात तो एकच असेल, तर द्रावण एक मोलर. आम्हाला करायचं होतं ०.१ मोलर, तेही फक्त २५० मिलिलिटर. गुणाकार केला, उत्तर आलं १.४६ ग्रॅम. काचेच्या पेटीतल्या तराजूशी मी श्वास रोखून बसलो. चिमट्याने वजनं उचलताना हात असा कापत होता, जणू सोनाराकडे आईची पाटली गहाण ठेवायला आलोय. मीठ बरोबर मोजलं. मग लांब मानेच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरलं, पाण्याचा खालचा बाक खुणेला अलगद टेकवला, आणि त्यानंतर मोठ्या समाधानाने मीठ आत सोडलं. पाणी खुणेच्या वर चढलं. फार नाही, गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढं. सर मागे उभेच होते. म्हणाले, “मिठाला जागा नको का रे? लिटरभर पाण्यात नाही, लिटरभर द्रावणात. मीठ आधी आत जाऊ दे, विरघळू दे, मग खुणेपर्यंत पाणी.” म्हणजे आलेल्याला आधी बसायला द्यायचं आणि मग घर भरलं की नाही ते बघायचं. रसायनशास्त्र इतकं माणसाळलेलं असेल, असं मला वाटलं नव्हतं.

ही नवी विद्या घेऊन मी वडिलांवर चालून गेलो. आमच्या बांधावर लिंबाची चार झाडं होती आणि त्यांच्यावर मारायला वडील बोर्डो मिश्रण करायचे: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद हाही रसायनवाल्यांच्या भाषेत एक क्षारच, मिठाच्या भावकीतला. मी हिशेब मांडला. त्याचा एक मोल २४९.५ ग्रॅमचा, पण त्यातले ९० ग्रॅम म्हणजे खड्याच्या पोटात दडलेलं पाणी. किलोमागे ३६० ग्रॅम पाण्याचे पैसे आपण मोजतो! दुधात पाणी सापडलं म्हणून गवळ्याशी उभा दावा मांडणारा हा माणूस आता दुकानदाराची गचांडी धरणार, अशी माझी खात्री होती. वडिलांनी एवढंच विचारलं, “ते पाणी काढलं तर काय होतं?” मी म्हणालो, “पांढरी भुकटी. निळा रंग त्या पाण्यामुळेच असतो.” ते प्लॅस्टिकच्या पिंपात काठी फिरवत राहिले. “मग रंगाचे पैसे दिले असं समज.” पुढे त्यांनी मिश्रणात विळा बुडवला, पात्यावर तांबूस पुट चढलेलं पाहिलं आणि आणखी चुना घातला. त्यांची प्रयोगशाळा विळ्याच्या पात्याएवढी होती, आणि निकाल जागच्या जागी मिळायचा.

माय मात्र काहीच मोजत नसे. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं आमच्याकडे सांगतात. बकासुरासाठी गाडाभर अन्न रांधणाऱ्या बाईनेही मीठ चवीपुरतंच घातलं असणार. मायचं माप तळहाताच्या खळग्यात होतं. एकदा पोकळ्याची भाजी करताना ती कढईपाशी नुसतीच थांबलेली दिसली. हिरव्या पानांचा ढीग कढईच्या काठावरून वर आला होता, पंगतीत उशिरा आलेल्या वऱ्हाडासारखा. मी म्हणालो, मीठ घाल ना. ती म्हणाली, आधी भाजी बसू दे. आता दिसते तेवढीला घातलं तर मग खारट होते. पाच मिनिटांत ढीग खाली बसला, मूठभर उरला, आणि तिने उरल्या भाजीपुरतं मीठ भुरभुरलं. मी चुलीपाशी उभा राहून मनातल्या मनात सरांना नमस्कार केला. सुरुवातीला दिसतं त्यावर हिशेब करायचा नाही, शेवटी जे उरेल त्यावर करायचा, हे मला शिकवायला एक फ्लास्क आणि सरांचा अर्धा तास लागला होता. माय ते तिच्या सासूकडून उभ्या-उभ्या शिकली होती.

आता मायला डॉक्टरांनी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितलंय, म्हणजे जेमतेम ०.०८५ मोल. तिच्या ताटात वेगळी, अळणी भाजी असते. तरी आमची भाजी तीच करते, चव न घेता. परवा तिने पोकळ्यात मीठ घातलं, भाजी बसायच्या आधी. की बसल्यावर पुन्हा एकदा? पहिल्या घासालाच जीभ वळली. मी काही न बोलता वरण घेतलं, भाजी सैल केली, त्यात भाकरी कुस्करली. बायकोनेही तेच केलं, पोरानेही. द्रावण पातळ केलं की कण नुसते लांब-लांब बसतात. मोल कमी होत नाही.

“बराबर शे ना रे?” मायने विचारलं.

“बराबर शे, माय.”

तिने तळहात पदराला पुसला आणि आपल्या अळणी भाजीचा घास घेतला.