विनंती थांबा

सह्याद्रीत भटकणाऱ्यांचे हल्ली बरेच प्रकार झाले आहेत. शनिवारी रात्री टेम्पो ट्रॅव्हलर भरून निघणारे आणि चहा-नाश्ता-आयकार्डासकट गड ‘करणारे’ एक. स्वतःच्या मोटारीतून पायथ्याच्या शेवटच्या घरापर्यंत जाऊन तिथून ड्रोन उडवणारे दुसरे. आणि तिसरे अप्पा. हे नाव मी सोयीसाठी दिलं. असा गृहस्थ प्रत्येक शहरात एखादा तरी असतोच. कुठे तो तात्या असतो, कुठे सर, डोंबिवलीत नुसता काका. ओळखायची खूण एकच. तुम्ही म्हणालात, “हरिश्चंद्रगडाला जायचं म्हणतोय,” की इतर जाणकार विचारतात, “कोणत्या वाटेनं?” अप्पा विचारतात, “कोणत्या गाडीनं?”

गाडी म्हणजे अर्थातच एसटी. तोरणा १४०३ मीटर उंच आहे हे अप्पांना ठाऊक नसतं असं नाही. पण त्यांच्या लेखी तो अवघड की सोपा, हे ठरतं वेल्ह्याहून परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे त्यावर. गाडी चारची असेल तर तोरणा भयंकर अवघड. साडेसहाची असेल तर लहान पोरंही करतील.

अप्पांकडे एक वही असते. मोबाइल आला, त्यात नकाशे आले, तरी वही सुटली नाही. गडाचा इतिहास, पाण्याची टाकी, दरवाजे यांचा वहीत उल्लेख नाही. वहीत शेरे आहेत. ‘वस्तीची. पहाटे सुटते. कंडक्टरला रात्रीच सांगून ठेवणे.’ ‘शाळेची. रविवारी नाही. मे महिन्यात अजिबात नाही.’ ‘बाजारच्या दिवशी दुपारची मिळते.’ आणि एका पानावर लाल शाईत, ‘बोर्डावर आहे. गावात विचारावे.’

१ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुण्याहून नगरला निघाली, ही तारीख अप्पांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे, असं काकूंचं म्हणणं. पुढे ‘गाव तेथे एसटी’ आलं. ती काही गडावर जाणाऱ्यांसाठी आलेली नव्हती. पोरांना शाळेला, बायाबापड्यांना बाजाराला आणि आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला आली. पण गडाच्या पायथ्याला वाडी असतेच, आणि वाडीला गाडी. “महाराजांनी गड उभे केले, महामंडळानं पायथ्यापर्यंत सोय केली. आता मधलं चढायचं तेवढं आपल्याकडे,” हे अप्पांचं महाराष्ट्राच्या इतिहासाचं सार. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. अप्पांनी यादी वाचून पहिला प्रश्न विचारला, “यातला जिंजी तामिळनाडूत आहे ना? तिकडे कुठली बस जाते?”

अप्पांचा खरा अभ्यास मात्र चौकशीचा आहे. गाडीची वेळ ते कधीही एकाला विचारत नाहीत, तिघांना विचारतात. चौकशीच्या खिडकीतले साहेब सांगतात ती गाडीची ठरलेली वेळ. स्टँडावरचा चहावाला सांगतो ती गाडी येते ती वेळ. आणि दप्तर घेऊन उभी असलेली आठवीतली पोरगी सांगते ती खरी. डोंगरातल्या गावात यापैकी कोणीच नसतं. तिथे पारावर एक म्हातारबाबा असतात.

“मामा, शेवटची गेली का हो?”

“येईल की.”

“किती वाजता?”

“ती तिच्या टायमाला येती.”

“काल आली होती?”

“काल नव्हती आली.”

“आणि परवा?”

“परवा म्या नव्हतो.”

या संभाषणातून अप्पा काय निष्कर्ष काढतात हे आजवर मला कळलेलं नाही, पण काढतात. आणि तो बहुतेकदा बरोबर निघतो. त्यांच्या डोक्यात एक वेगळं पंचांगच चालू असतं. आषाढीला गाड्या पंढरपूरकडे वळतात, गणपतीत कोकणाकडे, निवडणुकीत मतपेट्यांमागे, लग्नसराईत वऱ्हाडामागे. शाळांना सुट्टी लागली की वाड्यावस्त्यांवरच्या फेऱ्या गुंडाळल्या जातात. पाऊस किती पडेल हे वेधशाळेला विचारावं. कोणत्या आठवड्यात डोंगराला गाडी नाही, हे अप्पांना.

त्यातही अप्पांचा जीव वस्तीच्या गाडीवर. ही गाडी संध्याकाळी शेवटच्या गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच मुक्काम करतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला परत निघते. आहुप्याकडे एकदा त्यांच्याबरोबर अशा मुक्कामाचा योग आला. मारुतीच्या देवळात एका कोपऱ्यात ड्रायव्हर, दुसऱ्यात कंडक्टर आणि मध्ये अप्पा. पहाटे अंधारात ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं आणि दोनदा हॉर्न दिला. घराघरांतून “आलो, आलो” सुरू झालं. एक बाई दुधाची किटली घेऊन, एक मुलगा एका पायात चप्पल घालत. गाडी सुटायची वेळ झाली, तरी कंडक्टर पायरीवरच उभा. “वरच्या आळीची म्हातारी राहिली. तिचा आज दवाखान्याचा दिवस हाय.” म्हातारी आली, तिला हात देऊन वर घेतलं, मग डबल बेल. आम्हाला त्या गाडीनं जायचंच नव्हतं, आम्ही घाट उतरून खोपिवलीला जाणार होतो. पण गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत अप्पा हात जोडून उभे होते. गडावरच्या देवळातही ते इतके मनापासून उभे राहिलेले मी पाहिले नाहीत.

आता त्यांच्या बाजूनं एक खरं ते सांगितलं पाहिजे. मोटारवाला ट्रेकर म्हणजे खुंट्याला बांधलेली गाय. कितीही चरला तरी संध्याकाळी गाडी लावली असेल तिथेच त्याला परत यावं लागतं. एसटीवाल्याला तो जाच नाही. तो कर्जतहून खांडसला उतरतो, गणपती घाटानं झाडीतून भीमाशंकर चढतो आणि दर्शन घेऊन पुण्याच्या गाडीत बसतो. कोकणातून चढायचं, देशावर उतरायचं; किंवा आहुप्यासारखं देशावरून निघायचं आणि मुरबाडच्या गाडीत डुलक्या काढत कल्याण गाठायचं. घाटवाटा मुळात त्यासाठीच आहेत. नाणेघाट चढताना अप्पा दरवेळी दगडी रांजणापाशी थांबतात, आणि सातवाहनांच्या काळी इथे जकात कशी घेत ते न सांगता म्हणतात, “कल्याण–जुन्नर ही दोन हजार वर्षांची चालू सेवा आहे. आता फक्त माळशेजवरून वळवलीय.”

काकूंबद्दल बोललंच पाहिजे. पूर्वी त्या येत नसत. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं आणि अप्पांना स्वतःला पासष्टीचं अर्धं होतंच. दोघांचं मिळून एक फुल तिकीट होऊ लागल्यावर न नेण्याला अप्पांकडे कारण उरलं नाही. कल्याण–आळेफाटा गाडीत अप्पा आधार कार्ड पुढे करून ऐटीत सांगतात, “खुबी फाटा. एक सीनियर, एक लेडीज.” कंडक्टर कार्ड बघतो, पाठीवरची सॅक बघतो, पायातले ॲक्शनचे बूट बघतो.

“आजोबा, फाट्यावर कोण न्यायला येणारे का?”

“छे! खिरेश्वरपर्यंत चालत. पाच किलोमीटर तर आहे. मग टोलार खिंडीतून वर.”

“आणि आजी?”

“अर्ध्या तिकिटात पूर्ण मनस्ताप,” काकू खिडकीबाहेर बघत म्हणतात.

एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ नावाची पासाची योजना आहे, चार दिवसांची आणि सात दिवसांची. अप्पा ती दरवर्षी घेतात. काकूंच्या मते तिचं पूर्ण नाव ‘ह्यांना आवडेल तेथे प्रवास’ असं आहे. पंचाहत्तरीला प्रवास मोफत होतो. लोक त्या वयात नातवंडांची लग्नं बघायची इच्छा धरतात. अप्पा गुडघ्यांना तेल लावून त्या तारखेची वाट बघतायत.

गडावर पोहोचल्यानंतरचे अप्पा मात्र सोबतीला घेण्याच्या लायकीचे नाहीत. कोकणकड्यावर सगळे पोटावर झोपून खाली डोकावत असतात, तेव्हा अप्पा उभे राहून घड्याळ बघतात. सूर्यास्त म्हणजे त्यांच्या दृष्टीनं चुकलेली गाडी. उतरताना ते पळतात, फाट्यावर पाऊण तास आधी हजर होतात, आणि मग गाडी सव्वा तास उशिरा येते. त्याचा त्यांना राग येत नाही. गाडी वेळेवर येऊन गेली तर मात्र येतो. तो विश्वासघात असतो. जिथे ‘विनंती थांबा’ची पाटी आहे तिथे उभं राहायला त्यांना विशेष आवडतं. आयुष्यात विनंती केल्यावर थांबलेली ही एकमेव गोष्ट, असं ते काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणतात.

अशाच एका फाट्यावर गेल्या पावसाळ्यात अंधार पडायला आला. गाडी नाही. एक मोटार थांबली, आतल्या तरुण जोडप्यानं अदबीनं विचारलं, “काका, सोडू का पुढे?” अप्पा म्हणाले, “नको नको, येईल आता.” “कोण येईल?” “एसटी.” ते पुढे महामंडळाच्या वेळापत्रकाबद्दल सांगणार होते, पण वळून बघतात तो काकू मागच्या सीटवर बसून पट्टा लावत होत्या. अप्पांनाही बसावं लागलं. दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग मागून दिवे आले, हॉर्न आला, आणि लाल गाडी सगळं पाणी यांच्या काचेवर उडवत पुढे निघून गेली. आत जेमतेम सहा माणसं. अप्पांनी त्या बिचाऱ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. “बघा, आली होती. तुम्हीच घाई केलीत.”

काकूंनी सांगितलेलं हे. अप्पांच्या वहीत त्या तारखेला एवढंच लिहिलेलं आहे: ‘गाडी आली.’

अशा माणसाबरोबर जायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी म्हणेन, एकदा जा. डोंगर कोणाबरोबरही दिसतो. ज्या गावातून तो चढायचा ते गाव अप्पांबरोबर दिसतं. फक्त निघण्यापूर्वी शाळा चालू आहेत ना ते विचारून घ्या, शेवटच्या गाडीची वेळ तिघांकडून काढा, आणि कंडक्टरला द्यायला सुटे पैसे ठेवा. पाचशेची नोट पुढे करणाऱ्याला अप्पा ओळख दाखवत नाहीत.