मिशीला कर्नल, सुभेदाराला खोकला

अहो, ऐकलंत का? नाही, आधी जरा इकडे या, जास्वंदीच्या बाजूला. तिथून बोललेलं थेट पलीकडच्या ओट्यापर्यंत जातं... हं, आता ठीक. तर परवा आपल्या गल्लीत ते जाहिरातीचं शूटिंग झालं, कसल्याशा काढ्याचं. व्हॅन आडवी लावून आमचं फाटक अडवलं होतं, ते जाऊ दे. पण त्यात कर्नल कोणाला केलं, कळलं का तुम्हाला? बँकेतल्या भाऊजींना! पेन्शनरांच्या रांगेपेक्षा मोठी पलटण उभ्या जन्मात पाहिली नाही त्या माणसानं, नुसत्या मिशांवर कर्नल! आणि आपले सुभेदारकाका, सगळी उमेद सैन्यात गेलेली, कपाटात खरीखुरी पदकं, त्यांना काय मिळालं? खोकला. कानटोपी घालायची, शाल पांघरायची आणि कॉटवर बसून खोकायचं. कर्नलसाहेबांचे आजारी वडील!

वडील, अहो! वयात फार तर दोन-तीन वर्षांचं अंतर असेल दोघांच्या.

ती कास्टिंगवाली मुलगी, एवढीशी, पाठीला सॅक, ती काकांना म्हणते, ‘अंकल, तुमचा फेस खूप सॉफ्ट आहे हो, आर्मीवाले नाही वाटत.’ सुभेदारकाकूंच्या हातात चहाचा ट्रे होता. कप वाजले त्यातले. आणि बँकेतल्या वहिनी? पदर सारखा करत, ‘आमच्या ह्यांची पर्सनॅलिटीच तशी, काय करणार!’ मी मनात म्हटलं, बोला, बोला.

पण काकूंचं तोंड बघवेना मला. मी आपलं समजूत काढायला म्हटलं, ‘काकू, मनाला लावून घेऊ नका. अच्युत पोतदारांचं तरी काय झालं?’ तर वहिनी मधेच म्हणतात, ‘कोण अच्युत पोतदार?’

आता बघा हं. ‘माझा होशील ना’ लागायची तेव्हा ह्या बाईंनी दारावर आलेल्या माणसाला बाहेर ताटकळत ठेवलंय. त्यातले ब्रह्म्यांच्या घरातले अप्पा, म्हणजे पोतदारच, दिसले की नाकाला रुमाल. आणि नाव विचारतात! मग आमचा भाचा मोबाइलमधून तोंड काढून म्हणाला, ‘अगं मामी, ते थ्री इडियट्समधले सर. मशीनची व्याख्या विचारतात आणि मग आमिरला म्हणतात, बाबा रे, तुला म्हणायचंय तरी काय. त्यांचं मीम आहे!’ तेव्हा कुठे, ‘अय्या, ते होय!’ गेल्यावर पेपरात फोटो आला तेव्हाही घरोघरी हेच झालं असणार. १८ ऑगस्ट २०२५ ला गेले ठाण्यात, नव्वदी गाठून. सव्वाशे सिनेमे केले माणसानं, ‘आक्रोश’पासून ‘रंगीला’, ‘व्हेंटिलेटर’पर्यंत, आणि आपण ओळखायचं कशावरून, तर मीमवरून.

तर काय सांगत होते... हां, सैन्य. तर हे पोतदार आर्मीत होते! कॅप्टन! १९६७ ला बाहेर पडले. मूळचे जबलपूरचे, आधी मध्य प्रदेशात रेव्याला कॉलेजात शिकवत होते, म्हणजे प्रोफेसरही खरेच. सैन्यानंतर इंडियन ऑइलमध्ये नोकरी, १९९२ ला रिटायर होईपर्यंत. आणि सिनेमे ऑफिस सांभाळून. वाट्याला आलं काय? कोणाचा बाप, कुठला वकील, कुठला मास्तर, शेवटी आजोबा. कॅप्टन पोतदार म्हणून कोणी हाक मारल्याचं ऐकलंत कधी?

हे मी सांगितलं मात्र, सुभेदारकाकूंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. वहिनी मात्र, ‘असेल बाई एखादा अपवाद.’

एखादा! मी म्हटलं, थांबा हं. ‘अमर अकबर अँथनी’तले फादर आठवतात? अमिताभला सांभाळणारे? नझीर हुसेन हो. जुन्या सिनेमातले रडके वडील. पोरीचं लग्न मोडलं की छाती धरायची, आवाज कापायचा, डोळे डबडबायचे. आमच्या सासूबाई तर ते पडद्यावर आले की म्हणायच्या, ‘आला गं, आता हा मरणार.’ दिलीपकुमारच्या ‘देवदास’मधला म्हातारा नोकर धरमदास तेच. तर हा माणूस दुसऱ्या महायुद्धात होता! ब्रिटिशांच्या सैन्यातून मलाया-सिंगापूरला गेला, तिथे युद्धकैदी झाला आणि मग नेताजींच्या आझाद हिंद सेनेत! परत आल्यावर बिमल रॉय यांनी आझाद हिंद सेनेवरच सिनेमा काढला ‘पहला आदमी’, १९५० चा, त्यात हे होते. एवढ्यावर थांबले नाहीत. पहिला भोजपुरी सिनेमा, १९६३ चा, तोही त्यांच्याच खटपटीतून झाला. आणि आपण काय म्हणायचो? रडका बाप!

हे ऐकून काकांनी पहिल्यांदा कानटोपी काढली. एवढा वेळ नुसते ऐकत होते. म्हणाले, ‘रडेल नाही तर काय. कैदेत काय काय पाहिलं असेल त्यानं.’ बास. एवढंच. काका त्यांच्या लढाईबद्दलही कधी बोलत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. काकूंनासुद्धा पदक कशाचं ते दुसऱ्याकडून कळलं, असं त्या...जाऊ दे, ते वेगळं.

पण भाऊजींचंही सांगते, नाही तर म्हणाल एकाच बाजूचं बोलते. ते तयारीचेच आहेत. कपाळावर ती कर्नलची टोपी, म्हणाले, ‘इफ्तेखार कुठे पोलिसात होते? जगदीश राज कुठे होते?’ हे मात्र बरोबर बोलले हो. इफ्तेखार, ‘डॉन’मधले डीएसपी, ‘जंजीर’मधले कमिशनर. मूळचा चित्रकार माणूस! अशोककुमारांना चित्रं काढायला त्यांनीच शिकवलं म्हणतात. गाणंही यायचं. आणि जन्म गेला, ‘इन्स्पेक्टर, अरेस्ट हिम’ म्हणण्यात. जगदीश राज तर त्याहून. १४४ सिनेमांत पोलीस, गिनीज बुकात नोंद. मला तर वाटायचं, ह्यांना महिन्याचा पगार सरकारच देत असेल. २०१३ ला गेले ते. म्हणजे ज्यानं वर्दी कधी घातली नाही त्याला ती अंगावरून काढू द्यायची नाही, आणि ज्यानं घातली त्याला धोतर नेसवायचं. सिनेमावाल्यांचा हिशेबच निराळा.

भाऊजी खूश. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं... पण तेवढ्यात शॉट लागला.

आता नीट ऐका हं, खरी मजा इथेच आहे. शॉट काय, तर कर्नलसाहेब घरी येतात, बॅग ठेवतात, वडिलांना कडक सॅल्यूट ठोकतात, वडील खोकतात, सूनबाई काढा आणते. सोपं. भाऊजी आले, बॅग ठेवली, छाती पुढे काढली आणि ठोकला सॅल्यूट. सगळ्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या असत्या. पण कॉटवरचे वडील खोकेचनात! डायरेक्टर ओरडतोय, ‘आजोबा, खोका! खोका ना!’ आणि काका शाल बाजूला टाकून उभे. ताठ. भाऊजींच्या जवळ गेले, मनगट धरलं आणि तळवा फिरवला समोर. म्हणाले, ‘तळवा जमिनीकडे गेला तर ती नेव्हीची सलामी. तुमच्या अंगावर आर्मीची वर्दी आहे. तळवा समोर, पूर्ण उघडा, बोटं जुळलेली. हातात शस्त्र नाही हे समोरच्याला दिसलं पाहिजे.’ आणि स्वतः करून दाखवली. अहो, अंगावर वर्दी नसताना सुद्धा... मला तर काटाच आला.

सेटवर चिडीचूप. ती सॅकवाली मुलगी तोंडावर हात ठेवून उभी. भाऊजींच्या मिशा, खोटं नाही सांगत, खाली आल्या.

आणि डायरेक्टर काय म्हणाला असेल? ‘वा आजोबा, मस्त! आता बसा आणि खोका.’

बसले हो! बसले आणि इतकं झकास खोकले की काकू आतून पाणी घेऊन धावत आल्या. एका टेकमध्ये ओके. भाऊजींचे मात्र पुढे किती टेक झाले ते विचारू नका. दर वेळी हात वर गेला की तळव्याकडे बघायचे.

तर काय सांगत होते मी... हां, नंतर चहाला बसलो सगळे, तेव्हा विषय निघाला शकुनीमामांचा. गुफी पेंटल. आठवतं ना, सुलोचनादीदी गेल्या ४ जून २०२३ ला, आणि दुसऱ्याच दिवशी हे गेले. आपल्याकडे सगळ्यांचे डोळे दीदींसाठी ओले, त्यात शकुनीमामा राहूनच गेले बिचारे. एका डोळ्यानं बघत, लंगडत यायचे, ते फासे चोळणं... आमच्याकडे त्यांचा तोंड भरून उद्धार व्हायचा दर रविवारी. बी. आर. चोप्रांच्या त्या ‘महाभारत’मधली इतकी माणसं निवडण्यातही त्यांचाच हात होता. तर तेही सैन्यात होते! १९६२, चीनची लढाई, हे इंजिनीअरिंगला होते, तिथून भरती झाले आणि नेमणूक थेट सीमेवर. त्यांनीच मुलाखतीत सांगितलेलं आहे. तिथे ना टीव्ही ना रेडिओ, मग जवान मिळून रामलीला करायचे. त्यात ह्यांना काय केलं असेल? सीता! आणि रावण यायचा स्कूटरवरून आणि सीतेला स्कूटरवर बसवून पळवायचा!

सुभेदारकाका एवढे हसले की ह्या वेळचा खोकला खरा होता. म्हणाले, आमच्या युनिटमध्येही द्रौपदी होती एक, सहा फुटी. नाव काही सांगेनात. काकू म्हणाल्या, ‘तुम्हीच असाल.’ तर विषय बदलला त्यांनी. म्हणजे समजा तुम्हीच.

पलीकडच्या गल्लीतले ते डेक्कनचे काका, सिनेमाचं सगळं तोंडपाठ असतं त्यांना, ते मग रेहमानवर घसरले. ‘साहिब बीबी और गुलाम’मधले छोटे सरकार हो, ‘वक्त’मधले. किती रुबाब! तेही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानदलात पायलट व्हायला पुण्यात आले होते. ते सोडलं, आणि शिरले प्रभातमध्ये. कसे? तर विश्राम बेडेकरांना सिनेमात पठाणी पगडी बांधून देणारा माणूस हवा होता. हे जातीचे पठाण, पगडी बांधता यायची, झालं काम! तिथेच गुरुदत्त, तिथेच देव आनंद, आणि जमली दोस्ती. आता तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. डेक्कनचे काका हे असं सांगत होते, जणू पगडीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं.

आणि मेजर बिक्रमजीत कंवरपाल? ते तर अलीकडचे. २००२ ला सैन्यातून निवृत्त झाले आणि मग सिनेमात. करोनात गेले, १ मे २०२१, वय अवघं बावन्न. त्यांना मात्र अधूनमधून वर्दीतलं काम मिळायचं. चेहरा तुम्ही शंभरदा पाहिलाय. नाव तेव्हा, बातमीतच वाचलंत ना? मीही... असो.

हे सगळं ऐकून वहिनी जरा गप्पच होत्या. मग हळूच म्हणाल्या, ‘पण आमच्या ह्यांना मानधन जास्त मिळणार आहे हं, कर्नलचं.’ झालं! इतका वेळ कढी ढवळत बसलेल्या कोपऱ्यावरच्या आजी, त्यांना ऐकायला कमी येतं असं आपण म्हणतो ना? सगळं येतं. त्या म्हणाल्या, ‘चंद्रकांत गोखल्यांचं माहीत आहे का गं तुला?’ वहिनी म्हणाल्या, ‘विक्रम गोखल्यांचे वडील ना?’ आजी म्हणाल्या, ‘हो तेच. त्यांची आई कमलाबाई, फाळक्यांच्या सिनेमात लहानपणी काम केलेली. घराणंच नाटकवाल्यांचं. तर ह्या गृहस्थानं सैन्यात पाऊल टाकलं नाही कधी. पण राहणी अगदी साधी ठेवली आणि कमाईतला पैसा जखमी, अपंग झालेल्या जवानांसाठी द्यायचे. २००८ ला गेले.’ आणि मग सरळ भाऊजींकडे वळून, ‘तुम्ही तर आता कर्नल झालात.’

अहो, काय सांगू! भाऊजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग परत घातली. मग परत काढली. वहिनी ताटल्या आवरायला आत गेल्या, आपल्या नाही, सुभेदारकाकूंच्या स्वयंपाकघरात! सुभेदारकाका म्हणाले, ‘आजी, असं काही नसतं हो,’ पण आजी कढीत मीठ घालत होत्या, त्यांना तेवढ्यापुरतं पुन्हा ऐकू येईनासं झालं.

काल भाऊजी फाटकात भेटले. मी काही विचारलं नाही हं, मला काय करायचंय. तेच म्हणाले, ‘देणार आहे. अर्धे. चेक आला की.’ वहिनी मागे उभ्या होत्या, त्यांना ‘अर्धे’ हे नवीनच होतं, चेहऱ्यावरून कळलं मला. चेक काही अजून आलेला नाही. आला की सांगतेच तुम्हाला.